पाव किलोचा रस्सा

गेल्या शनिवारी रात्री कंटाळा आला म्हणून बाहेरून चिकन हंडी मागवली. हाफ. सोबत सहा रोट्या, एक जिरा राईस आणि मग ते पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी वगैरे जे काय असतं ते सगळं. डबा उघडला. लालभडक ग्रेव्ही, वर क्रीमची नक्षी. चमचा तळापर्यंत घालून शोधमोहीम काढली तेव्हा हाती लागले चार तुकडे. त्यातला एक पाठीचा आणि एक म्हणजे नुसतंच हाड, बहुधा संख्या भरायला घेतलेलं. बायको म्हणाली, "जाऊ दे रे, शनिवार आहे." शनिवार आहे हे मलाही मान्य होतं. पण बिल बघितल्यावर माझ्यातला कंडक्टरचा मुलगा जागा झाला. तेवढ्या पैशात कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलो कोंबडी आली असती, आणि उरलेल्या पैशात कांदे-कोथिंबीर.

तर मंडळी, आजचा विषय चिकन. घरचं, साधं आणि स्वस्तातलं. शाकाहारी वाचकांनी रस्सा बाजूला ठेवून बाकीचं वाचायला हरकत नाही. माझी आई गेली कित्येक वर्षं तेच करत आलीय. ते पुढे येईलच.

आमच्या टीममधल्या नवीन पोरांना मी चिकन घरी करतो म्हटलं की त्यांचे डोळे मोठे होतात. त्यांच्या डोक्यात व्हिडिओतलं चिकन असतं. रात्रभर दह्यात मुरवायचं, मग कसुरी मेथी, काजूची पेस्ट, बटर, आणि बारा वेगवेगळ्या बरण्यांमधून चिमूट चिमूट काहीतरी. एवढं सगळं विकत आणायचं तर हॉटेलच परवडलं की. आमच्याकडे कोंबडीचे असले लाड कधी झाले नाहीत.

एक किलो कोंबडी आणायची, हाडांसकट. बोनलेस अजिबात नाही. बोनलेस म्हणजे जास्तीचे पैसे देऊन चव दुकानातच ठेवून यायचा प्रकार. धुऊन, हळद, मीठ आणि आलं-लसणाचं वाटण चोळून अर्धा तास ठेवायची. तेवढ्या वेळात मसाल्याचं वाटण करून घ्यायचं. चार कांदे उभे चिरून तेलावर तांबूस होईपर्यंत परतायचे, पाऊण वाटी सुकं खोबरं मंद आचेवर भाजायचं, त्यात दहा-पंधरा लसूण पाकळ्या, बोटाच्या दोन पेरांएवढं आलं आणि मूठभर कोथिंबीर, काड्यांसकट. सगळं मिक्सरमधून गंधासारखं काढायचं. खोबरं भाजताना फोन बघायचा नाही. खोबरं आत्ता पांढरं असतं आणि पुढच्या क्षणी काळं, मधली स्टेट फार थोडा वेळ टिकते.

मग पातेल्यात थोडं तेल, एक बारीक चिरलेला कांदा, त्यावर कोंबडी. पाच मिनिटं परतायची आणि वर खोलगट ताट झाकून ताटात पाणी ओतायचं. आत एक थेंबही पाणी घालायचं नाही. कोंबडी स्वतःचं पाणी सोडते आणि त्यात शिजायला लागते. ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत ओतायचं, ताटात पुन्हा नवीन. ब्रॉयलर कोंबडी वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. आता पातेल्यात जे पिवळसर, वर तेलाचे बारीक डोळे तरंगणारं पाणी दिसतं ते अळणी. नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतं, तिखट नसतं. एक वाटी काढून घ्या, वर मिरपूड टाका आणि गॅसजवळ उभं राहूनच प्या. जेवायच्या आधी एवढं तरी स्वयंपाक करणाऱ्याला मिळायलाच पाहिजे.

दुसरीकडे कढईत तेल, त्यात वाटण आणि तीन चमचे कांदा-लसूण मसाला. आमच्याकडे याला नुसतं 'चटणी' म्हणतात आणि पुण्यात पहिल्या वर्षी यावरून माझे फार घोटाळे झाले. बाजूने तेल सुटेपर्यंत परतायचं, इथे घाई करणाऱ्याचा रस्सा कच्चा लागतो. आता अळणीतले निम्मे तुकडे या कढईत टाकून परतले की सुकं तयार. त्यासाठी लागेल तेवढाच मसाला कढईत ठेवायचा, उरलेला सगळा अळणीत ढकलून वर कढत पाणी ओतून उकळी आणली की रस्सा. एक बेस क्लास, त्यातून दोन डिराइव्ह्ड क्लास. (इंजिनिअर नसलेल्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.) रात्री सुकं-भाकरी, दुसऱ्या दिवशी रस्सा-भात. आणि दुसऱ्या दिवशीचा रस्सा आदल्या दिवशीपेक्षा चांगला लागतो यावर तरी महाराष्ट्रात दुमत नसावं. तांबड्या-पांढऱ्याचं शास्त्र वेगळं आहे, कोल्हापूरकरांनी कृपया इकडे बघू नये.

आता हे मी कुठे शिकलो? याचं उत्तर दोन हप्त्यांत आहे.

पहिला हप्ता गावाकडचा. कराडपासून एस.टी.नं पाऊण तासावर आमचं गाव. अण्णा एस.टी.त कंडक्टर. घर एकत्र, अकरा माणसांचं. १९९६ साली आई पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घालून आली आणि तिनं मटण-मच्छी सगळं सोडलं. माळकरी झाली तरी घरातल्या बाकीच्यांवर तिनं काही लादलं नाही, फक्त तिच्या चुलीवर ते शिजणार नाही आणि तिच्या भांड्यांना ते लागणार नाही, एवढंच. मग परसात तीन दगड मांडले गेले. काळंकुट्ट झालेलं एक पातेलं, एक पळी आणि एक ताट वेगळं निघालं, आणि ज्या अण्णांनी तोवर आयुष्यात कधी चहासुद्धा केला नव्हता ते रविवारची कोंबडी करायला लागले.

'करायला लागले' हे आपलं म्हणायला. आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर पाठमोरी बसून तांदूळ निवडायची. आणि न बघता सांगत राहायची.

"आवं, खोबरं करपाय लागलंय."

"कांदा अजून कच्चा हाय, वास येतोय त्येचा."

"आता पाणी घाला. गार नगं, ताटातलं घाला."

अण्णा निमूट ऐकायचे. गाडीत साठ माणसांवर ओरडणारा माणूस परसात एक शब्द बोलायचा नाही. फक्त मिठापाशी तिचं अडायचं, कारण चव बघणं तिला शक्य नव्हतं. "मीठ बघा बरं." "वाईच कमी हाय." "मग वाईच घाला." पुढे मी रिमोट सपोर्टची कामं पुष्कळ केली, पण स्क्रीनसुद्धा शेअर न करता नुसत्या वासावर आणि चुरचुर आवाजावर प्रॉडक्शन सांभाळणारं माणूस मी ते एकच बघितलं.

त्या पातेल्यात कोंबडी एकच असायची, दीड किलोची. खाणारी माणसं अकरा, त्यातून आई वजा. तंगड्या आजोबांना आणि आलेल्या पाहुण्याला. छातीचे तुकडे काका आणि अण्णांना. मान, पंख आणि पाय आम्हा पोरांना, त्यावरून मारामारी. आजी आणि काकूला रस्सा. हे मला लहानपणी कधी दिसलंच नाही, म्हणजे डोळ्यांसमोर होतं पण दिसलं नाही. पुष्कळ वर्षांनी आईला विचारलं, मटण सोडायला जड गेलं का गं? ती म्हणाली, "सोडायला हुतं काय? मी रश्श्यावरच हुते की." आणि हसली. मला काही हसता आलं नाही.

दुसरा हप्ता पुण्यातला.

सप्टेंबर २००८ मध्ये तिकडे लेहमन ब्रदर्स बुडाली आणि इकडे हिंजवडीच्या बसमध्ये एसी चालू असून लोकांना घाम फुटायला लागला. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचं प्रकरण बाहेर आलं. माझी कंपनी वेगळी होती, पण आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट तिकडची एक बँक होती, त्यामुळे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. दोन महिने बेंचवर बसलो. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलावर टिश्यू पेपरचा डबा ठेवला होता. तो बघितल्यावर पुढचं काही ऐकायची गरज उरली नाही. दोन महिन्यांचा पगार हातात, आयडी कार्ड जमा, गेटपर्यंत सोबत सिक्युरिटी. तिसरं वर्ष नोकरीचं. वय पंचवीस.

आता गोची अशी की मे महिन्यात बहिणीचं लग्न ठरलेलं. अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं. बस्ता आणि जेवणाचा खर्च मी करणार म्हणून सगळ्या भावकीत सांगून झालेलं. दर महिन्याला मी घरी सहा हजार पाठवायचो, ते थांबले असते तर त्याच दिवशी कळलं असतं. म्हणून ठरवलं, लग्न होईपर्यंत घरी सांगायचं नाही. पैसे जात राहतील. मग वाचवायचे कुठून? पोटातून.

कर्वेनगरात आम्ही तिघं एका वन बीएचकेमध्ये राहायचो. एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायची पद्धत होती, त्यामुळे एक नांदेडकर, एक नाशिककर आणि मी कराडकर. नाशिककरचीही माझ्याच आसपास विकेट गेली होती. नांदेडकरची नोकरी होती पण पगार कापला होता, आणि आम्हा दोघांचं भाडंही तो उचलत होता, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही म्हणून इथे सांगून टाकतो. मेस बंद केली. डाळ, भात, अंडी सुरू. सगळं निभत होतं, फक्त रविवार अवघड जायचा. चिकनशिवाय रविवार म्हणजे हरलो असं काहीतरी वाटायचं, का ते विचारू नका. तिसऱ्या रविवारी नाशिककर म्हणाला, "पाव किलो तर आणू." तेव्हा किलोला शंभराच्या आतबाहेर भाव होता. पंचवीस रुपये. तिघांत.

दुकानदार चाचा म्हणाला, "पाव किलो? बिल्ली के लिए?"

नाशिककर म्हणाला, "हां चाचा, तीन बिल्लियाँ हैं."

पाव किलोचे सात तुकडे झाले. पातेल्यात टाकल्यावर ते कोपऱ्यात जाऊन बसले. मी घरी फोन लावला. फोन खांद्यात धरून, एका हातात कालथा.

"आई, रस्सा जरा जास्त करायचा असंल तर काय घालायचं?"

"कोंबडी किती हाय?"

"पाव किलो."

"आन् माणसं?"

"तिघं."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "पाव किलो कशापायी आणलीस रं?"

"अगं, डाएट करतोय."

"डायट करणारा रस्सा वाढवत न्हाई."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण अकरा माणसांत एक कोंबडी पुरवत आयुष्य काढलेल्या बाईला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगणं शक्य नव्हतं. हा प्रश्न तिच्याच घरातला होता. तो कोण विचारतं, कधी विचारतं, हे तिला पाठ होतं.

"नोकरी गेली व्हय रं?"

पाऊस झाला का, असं विचारावं तशी. मी हो म्हटलं. घसा एकदम भरून आला आणि पुढे काही बोलताच येईना. फोनवर दोघंही गप्प. कढईतला कांदा तेवढा चुरचुरत होता.

"आदी कांदा बघ," आई म्हणाली. "आवाज बारीक झालाय त्येचा. करपंल."

मी गॅस बारीक केला. मग तिनं सगळं सांगितलं, एकेक करत, मध्ये मध्ये 'झालं?' विचारत. डाळं भाजून कुटून वाटणात घाल, रस्सा दाट होतोय. दोन बटाटे सालासकट मोठे चिरून सोड, रश्श्यात शिजलेला बटाटा पोरं कोंबडीसारखाच खात्यात. पाणी कढत घाल. तीन अंडी उकडून सोड वरनं. आणि तुकडे शेवटपर्यंत ढवळू नकोस, हाडापासून सुटले की पातेल्यात दिसत नाहीत. बारा वर्षं तोंडाला न लावलेल्या पदार्थाचं हे सगळं. फोन ठेवताना म्हणाली, "अण्णास्नी सांगू नगं म्हणतोस तर न्हाई सांगत. पर पैसं पाठवू नगंस आता." पैसे मी पाठवत राहिलो. तेवढं तिचं ऐकलं नाही.

त्या रात्री तिघांनी त्या सात तुकड्यांवर पातेलंभर रस्सा संपवला. तिघांना दोन दोन, आणि सातवा नांदेडकरला. भाड्यापोटी.

पुढच्या रविवारपासून तर अण्णांच्या डेपोतल्या कुठल्यातरी कंडक्टरबरोबर स्वारगेटला पिशवी यायला लागली. ज्वारीचं पीठ, चटणीची बरणी, खोबऱ्याच्या वाट्या, लसणाची गड्डी, आणि पिठात खोचून पाठवलेली गावरान अंडी. एकही अंडं कधी फुटलं नाही. एस.टी.त दगडही फुटतात, अंडी कशी राहिली कोण जाणे.

ते सहा महिने मी स्वस्त चिकनचं जे काय शिकलो ते अजून पुरतंय. उदाहरणार्थ पोटा-कलेजी. ती कोंबडीच्या मांसापेक्षा कितीतरी स्वस्त मिळायची, कारण पुण्यात नाक मुरडणारे भरपूर. पोटा म्हणजे कोंबडी दाणे दळते तो घट्ट स्नायू, त्याला कुकरच्या चार शिट्ट्या तरी पाहिजेत. कलेजी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत. दोन्ही एकदम टाकली की पोटा रबर आणि कलेजी खडू, हा प्रयोग आम्ही करून बघितला आहे. पोटा आधी मऊ शिजवून घ्यायचा, मग कांदा भरपूर, चटणी, मिरपूड घालून सुकं करायचं, कलेजी टाकायची, झाकण ठेवायचं, पाच मिनिटांनी लिंबू पिळून संपवायचं.

आणि सांगाडा. चाचाकडून एक-दोन हॉटेलवाले बोनलेस न्यायचे, मागे उरायचे ते मान, पाठ आणि बरगड्यांचे सापळे. दहा रुपयांत पिशवी भरून. पुढे पुढे तर चाचा आम्हाला बघून स्वतःच बाजूला ठेवायचा, "बिल्ली का हिस्सा" म्हणून. सांगाडे स्वच्छ धुऊन, ठेचलेला लसूण, आलं, मिरी, एक कांदा आणि मीठ घालून मंद आचेवर तासभर उकळायचे. गार झाले की हाताने मांस सोडवायचं, दोन सांगाड्यांतून वाटीभर तरी निघतं. गाळलेल्या पाण्यातच तांदूळ शिजवायचे, तुपाची फोडणी, वर ते मांस. नाशिककर याला बिर्याणी म्हणायचा. बिर्याणीवाल्यांनी ऐकलं असतं तर मार पडला असता, पण भात खरंच चांगला व्हायचा. अजूनही घरात कुणी आजारी पडलं की मी हाच करतो.

स्वस्त चिकनवरून आठवलं. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. लाखो कोंबड्या मारल्या, भाव कोसळले, होस्टेलच्या मेसनं चिकन बंद केलं. नीट शिजवलेल्या चिकनला काही होत नाही, सत्तर अंशाला विषाणू मरतो, असं डॉक्टर ओरडून सांगत होते पण ऐकतो कोण. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोनाच्या अफवेनं पुन्हा तेच झालं. तेव्हा आमच्या गावाकडच्या एका शेडवाल्यानं अक्षरशः वाटून टाकल्या कोंबड्या. ती पन्नास रुपयांची कोंबडी काही मला गोड लागली नाही. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विक्रीला येते आणि तिथून पुढचा एकेक दिवस शेडवाल्याच्या खिशातून खाते. स्वस्त म्हणजे कुणाच्या तरी पदरचं जातंय, हे कंडक्टरच्या पोराला कळायला हवं. असो. विषयांतर झालं.

लग्न झालं. मे महिना, रणरणतं ऊन, सगळं पार पडलं. बस्त्याचे पैसे मी दिले, जेवणाचे निम्मे नांदेडकरकडून उसने घेऊन दिले. संध्याकाळी वरात गेली. मांडवात खुर्च्या उचलणारी पोरं तेवढी उरली. अण्णा पान लावत माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले,

"मग, लागलं का कुठं?"

मी बघतच राहिलो. आईकडे नजर गेली, ती लांब भांडी मोजत होती. तिनं सांगितलेलं नव्हतंच, हे मला नंतर कळलं. अण्णांच्या हातून दर आठवड्याला पिशवी जात होती. पुण्यात गलेलठ्ठ पगाराच्या पोराला कुणी ज्वारीचं पीठ आणि अंडी पाठवत नाही. सुट्टे मोजण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला एवढा हिशेब जमणार नाही?

"नाही अजून," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी पान तोंडात टाकलं. "उद्या जेवूनच जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातले तीन दगड पुन्हा मांडले. पाहुणे पांगले होते, आजोबा तर आधीच गेले होते, काका वेगळे राहायला लागले होते. अण्णांनी घरचीच कोंबडी कापली, गावरान. ती वीस मिनिटांत शिजत नाही, दीड-दोन तास घेते. तेवढा वेळ आम्ही दोघं जाळ सारत बसलो. नोकरीचा विषय निघाला नाही. आई उंबऱ्यावर पाठमोरी. "आवं, जाळ कमी करा." "मीठ बघा." या वेळी मीठ बघायला अण्णांनी पळी माझ्या हातात दिली.

जेवायला बसलो. अख्खी कोंबडी आणि खाणारे आम्ही दोघंच. अण्णांनी दोन्ही तंगड्या माझ्या ताटात वाढल्या. मी एक परत त्यांच्या ताटात ठेवायला गेलो तर त्यांनी ताट मागं ओढलं. "खा," म्हणाले. मी खाली मान घालून खाल्लं. रस्सा तिखट होता, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येण्याची सोय होती.

ऑगस्टमध्ये नोकरी लागली. पहिल्यापेक्षा कमी पगाराची, पण लागली. नांदेडकरचे पैसे दिवाळीपर्यंत फिटले.

आता आई-अण्णा वर्षातले पाच-सहा महिने आमच्याकडे पुण्यात असतात. आईची भांडी वेगळ्या फडताळात, तिची छोटी शेगडी ड्राय बाल्कनीत. सुरुवातीला मी म्हटलं, तू असशील तोवर आम्ही घरात चिकन करत नाही. ती म्हणाली, "मग मी सांगू कुणाला?" फ्लॅटला परस नाही आणि मागचं दारही नाही, त्यामुळे ती पॅसेजमध्ये स्वयंपाकघराकडे पाठ करून खुर्ची टाकते. भाजी निवडायला घेते. अण्णांचे दात गेलेत, कवळी त्यांना मानवत नाही, म्हणून ते आता फक्त अळणीच पितात. पहिल्या दोन वाट्या निघतात त्यातली एक माझ्या मुलीची आणि एक अण्णांची. दोघंही फुंकर मारत मारत पितात आणि दोघांच्याही मिशा पिवळ्या होतात.

तर त्या हंडीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एक किलो कोंबडी आणली. हाडांसकट. बायकोला म्हटलं, आज बघ. कांदे चिरले, वाटण काढायला घेतलं, खोबरं तव्यावर टाकलं. तेवढ्यात ऑफिसमधल्या एका पोराचा मेसेज आला म्हणून फोन हातात घेतला.

"खोबरं," पॅसेजमधून आवाज आला.

गॅस बारीक केला.